आक्काचा शाळू आणि माझ्या भोरड्या

भोरडी हा पक्षी दिसायला देखणा आणि वागायला फुकट्या. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळेभोर, डोक्यावर मागं विंचरलेली शेंडी. नवऱ्या मुलाच्या मित्रांसारखा नटूनथटून येतो, घोळक्यानं येतो, आणि जेवून जातो. थंडीच्या तोंडावर कुठून तरी उत्तरेकडून हजारोंनी उतरायचं, शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, कणसं दुधात आली की त्यांच्यावर ताव मारायचा आणि उन्हाळा तापायच्या आत पसार व्हायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम. साठ सालानंतरच्या त्या पाच-सात वर्षांत मी या पक्ष्याच्या मागं इतका फिरलो की, आमच्या कॉलेजातल्या शिपायानं माझं नावच ‘भोरडे मास्तर’ पाडलं होतं.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी तेव्हा प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्राध्यापक नव्हे. बेडूक पकडून आणणं, त्याला ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून ठेवणं, मुलांनी त्याची वाट लावली की ट्रे धुऊन ठेवणं, ही माझी विद्वत्ता. आमच्या विभागप्रमुख सरांनी एक दिवस ठरवलं की सांगलीच्या आसपास भोरड्या कुठल्या रानात उतरतात, किती वाजता उतरतात आणि तिथंच का उतरतात, याचा नकाशा करायचा. हे काम नीट केलं तर माझं प्राध्यापकपद जवळ येईल, असं सर बोलले नाहीत. पण मी तसं ऐकून घेतलं.

सरांनी स्वतःच्या हातानं तक्ता आखून दिला. वेळ, वाऱ्याची दिशा, तापमान, मातीचा प्रकार, कणसाची अवस्था, पक्ष्यांची संख्या. सहा रकाने. “एकही रकाना मोकळा सोडायचा नाही,” सर म्हणाले. “आणि लक्षात ठेव, निरीक्षक म्हणजे तिथं नसलेला माणूस. हात हलवायचा नाही, तोंड उघडायचं नाही. तुझ्यामुळं एक पक्षी जरी उडाला तरी त्या दिवसाचा कागद फाडून टाकायचा.” मी जात्याच आज्ञाधारक. पोहायला शिकवणाऱ्यानं ‘उडी मार’ म्हटल्यावर आधी ‘किती वाजता?’ असं विचारणाऱ्यातला.

दुर्बीण मी साताऱ्याहून वडिलांची आणली. वडील सुभेदार होऊन पेन्शनीत निघाले होते, आणि ती दुर्बीण त्यांनी कुठल्याशा लढाईतून परत येताना एका गोऱ्या साहेबाकडून विकत घेतली होती. ती देताना त्यांनी माझी उलटतपासणी घेतली.

“पाखरं धरायची?”

“नाही.”

“मारायची?”

“नाही.”

“मग बघून झाल्यावर काय करायचं?”

“लिहून ठेवायचं.”

वडील दुर्बीण माझ्या हातात देऊन वळले. मग आईला म्हणाले, “ह्याला पलटणीत घातला असता तर दुश्मन येताना ह्यानं मोजला असता.” आई हसली नाही, तिला ते खरं वाटलं असावं.

तर सांगलीच्या पूर्वेला सात-आठ मैलांवर मी एक जागा निवडली. मधे ओढा, ओढ्याच्या पश्चिम अंगाला एका हवालदाराचं रान, पूर्व अंगाला आक्काचं. दोन्हीकडं शाळू, दोन्हीकडं एकाच आठवड्यातली पेरणी. आक्काच्या बांधावर एक कडुलिंब होता. आठवड्यातून तीन दिवस सायकल मारत जायचं आणि त्या लिंबाखाली तक्ता घेऊन बसायचं, असा माझा नेम सुरू झाला.

आक्का म्हणजे चाळिशीची, उंच, काटक बाई. सगळा गाव तिला आक्का म्हणायचा म्हणून मीही म्हणायला लागलो. नवरा पलटणीत, तो वर्षातून एकदा रजेवर यायचा. घरी डोळ्यांनी अधू झालेली सासू. रान होतं ते एवढंच. रानाच्या मधोमध चार मेढी रोवून तिनं माळा बांधला होता, आणि शाळू निसवून कणसं बाहेर पडल्यापासून उजाडायच्या आत ती त्या माळ्यावर गोफण घेऊन उभी असायची ती दिवस मावळेपर्यंत.

पहिल्या दिवशी मला बघून ती माळ्यावरून उतरून आली.

“सायेब, तुमी सरकारी का?”

“नाही, कॉलेजातला. पक्षी मोजतोय.”

“पाखरांची बी खानेसुमारी?” तिनं पदर तोंडाला लावला. “मग त्यास्नी रेशनकार्डं बी द्या की. माझं रान तरी वाचंल.”

रेशन हा त्या वर्षी चेष्टेचा विषय नव्हता. पाऊस दगा देऊन गेला होता आणि दुकानात परदेशातून आलेला मिलो नावाचा लाल जोंधळा मिळत होता. त्याची भाकरी थापली की तुटायची आणि खाल्ली की पोटात दगडासारखी बसायची. आक्काच्या सासूला ती पचत नव्हती. “एवढा शाळू घरात आला तर म्हातारी जगंल,” आक्का म्हणाली. “न्हाईतर मिलो हायच.” हे तिनं मला पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि तक्त्यात मातीच्या रकान्यात ‘काळी, मध्यम’ असं लिहिलं.

मग तिनं मला व्यवहाराचं बोलून बघितलं. “बसायचंच हाय न्हवं? मग माळ्यावर बसा. वरनं लांबवर दिसतंय. तेवढं अधनंमधनं वरडायचं.”

मी तिला निरीक्षक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ओरडायचं नाही, हात हलवायचा नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पगार मिळतुय ह्याचा?” मिळतो म्हटल्यावर तिचा माझ्यावरचा विश्वास जरा कमी झाला, पण त्या दुपारी तिनं फडक्यातली दीड भाकरी, ठेचा आणि कांदा माझ्यापुढं ठेवला. त्यानंतर ती मला ‘तुमी’वरून ‘तू’वर घेऊन आली आणि ‘सायेब’वरून ‘मास्तर’वर. रोज दुपारी अर्धी भाकरी माझी, हेही ठरून गेलं. मी तिची भाकरी खात होतो आणि तिचा शाळू खाणारी पाखरं गप बसून मोजत होतो. यात काही चुकतंय असं मला तेव्हा अजिबात वाटलं नाही.

मोजायची माझी पद्धत अशी होती. थवा आला की काडेपेटी हातात धरून हात लांब करायचा, काडेपेटीएवढ्या तुकड्यात किती पाखरं दिसतात ती मोजायची, आणि असे किती तुकडे थव्यात बसतात ते बघून गुणायचं. आक्काला वाटायचं मी विडी पेटवायला धडपडतोय. “वारं लय हाय मास्तर, पाठ करून पेटीव,” ती माळ्यावरून ओरडायची, आणि तिच्या त्या ओरडण्यानंच थवा उठायचा.

तिचा आवाज काय सांगावा! बेंबीच्या देठापासून निघायचा आणि ओढा ओलांडून पलीकडच्या टेकाडावर आपटायचा. नुसतं ‘हाऽऽ हुऽऽ’ करणाऱ्यातली ती नव्हती. ती पाखरांशी भांडायची. “आगं ए भोरडे, तुज्या म्हायेरचं रान हाय व्हय? चारचौघीत यिऊन बसलीस ती!” आणि मग गोफणीचा फटकारा. दगड लागायचा नाही कुणाला, पण फटकाऱ्याचा आवाज बंदुकीसारखा व्हायचा आणि थवा कलंडून ओढ्यापलीकडं हवालदाराच्या रानाकडं जायचा.

हवालदाराची तऱ्हा वेगळी. पलटण सोडून दहा वर्षं झाली तरी त्यानं ड्यूटी सोडली नव्हती. सकाळी सहाला माळ्यावर, बाराच्या ठोक्याला खाली. जेवण, वामकुक्षी, आणि दोन वाजता पुन्हा माळ्यावर. त्यात पाच मिनिटं इकडंतिकडं नाही. मधे आभाळ कोसळलं तरी ते दोन वाजता बघायचं. भोरड्यांना हे वेळापत्रक आठवड्यात पाठ झालं. मला दीड महिन्यात झालं नाही.

कारण माझ्या तक्त्यात दिसत होतं ते असं: भोरड्या ओढ्याच्या पूर्वेला क्वचित उतरतात, पश्चिमेला नेहमी, आणि सगळ्यात जास्त उतरतात त्या दुपारी बारा ते दोन. यावर मी केलेला विचार आठवला की आजही कानशिलं तापतात. मी दोन्ही रानांतली माती पुड्यांत बांधून कॉलेजात नेली. दोन्हीकडची कणसं दाबून बघितली. दुपारच्या उन्हात दाण्यातलं दूध घट्ट होत असावं आणि ते भोरड्यांना आवडत असावं, असा सिद्धान्त मी मांडला. सरांना तो इतका आवडला की त्यांनी मला घरी बोलावून चहा पाजला. सहा रकान्यांत माणसाचा रकाना नव्हता, त्यामुळं आक्काचा गळा आणि हवालदाराची झोप शास्त्रात बसत नव्हती.

जानेवारी सरत आला. कणसं दुधातून चिकात आली, दाणे भरले. आणि एके दिवशी मी लिंबाखाली जाऊन बसलो तर भोरड्या पूर्वेला! आक्काच्या रानात! एक थवा उतरला, मागनं दुसरा. बारा वाजले तरी हलेनात, दोन वाजले तरी हलेनात. वाऱ्याची दिशा तीच, तापमान तेच. मी काडेपेटी धरून धरून हात दुखवून घेतला. त्या नादात मला भूक लागल्याचंही कळलं नाही. संध्याकाळी सायकल तशीच सरांच्या दारात नेऊन घातली आणि म्हणालो, “सर, भोरड्यांनी रान बदललं.”

सर उभेच राहिले. “कशालाही हात लावू नकोस,” ते म्हणाले. “दहा दिवसांची सुट्टी देतो. रोज जा.”

दुसऱ्या दिवशीही तेच. भोरड्या कणसावर बसायच्या, कणीस वाकायचं, दाणे टिपून झाले की पुढच्यावर. ओढ्याकडचा पट्टा माझ्या डोळ्यांदेखत भुंडा होत होता, आणि मी लिहीत होतो. दोन वाजत आले तेव्हा मात्र भूक लागली. अर्धी भाकरी आली नव्हती. काल पण आली नव्हती. मी पहिल्यांदा मान वळवून माळ्याकडं बघितलं. माळा रिकामा होता. गोफण मेढीला लटकत होती.

दीड महिना गळ्यात दुर्बीण घालून बसलेल्या माणसाला एवढी उंच बाई दोन दिवस दिसली नाही, हे कळायला पोटाला बोलावं लागलं. मी उठलो. मी उठल्याबरोबर जवळचा थवा उडाला, आणि कागद फाडायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

ओढा ओलांडून हवालदाराकडं गेलो. तो नुकताच माळ्यावर चढत होता.

“आक्का कुठंय?”

“पडलीया की. दोन दिस झालं, तापानं फनफनलीया. गळा धरलाय.”

“मग रानाकडं कुणी बघायचं?”

हवालदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं. “आवं, तुमी हाय न्हवं? आमची बायकू म्हनत हुती, मी जाती आक्काची पाखरं हाकाय. म्या म्हनलं, कशाला? मास्तर बसल्यात की रानात.”

त्याचं काय चुकलं? त्या मुलखात माघाच्या महिन्यात शाळूच्या रानाकडेला जो माणूस दिवसभर बसतो तो राखणीलाच बसतो. दुसऱ्या कशासाठी माणूस तिथं बसू शकतो हे कुणाच्या ध्यानीमनीही येणार नाही. आक्काला मी शास्त्र समजावलं होतं खरं. पण तिनं ते साहेब लोकांचं बोलणं म्हणून ऐकून सोडून दिलं असणार. आक्काची भाकरी खाणारा माणूस तिचं रान डोळ्यांदेखत खाऊ देईल, हे तिला तरी कसं सुचावं?

मी तिच्या घरी गेलो. ती घोंगड्यावर पडली होती, गळ्याला हळद-चुन्याचा लेप, वर फडकं गुंडाळलेलं. सासू उशाशी बसून नुसता हात फिरवत होती. मला बघून आक्का उठायला लागली. तिचा तो टेकाडावर आपटणारा आवाज गेला होता. नुसती फुसफुस येत होती, ती ऐकायला मला खाली वाकावं लागलं.

“रान सोडून कशाला आलास?” ती म्हणाली. “माझं काय, मी बरी हुईन. तू हाईस म्हनून तर निवांत पडलीया.”

खोटं बोलावंसं वाटलं, आणि बोललो असतो तरी तिला चार दिवस कळलं नसतं. पण जमलं नाही.

“आक्का, मी हाकललं नाही. एकसुद्धा.”

ती कोपरावर टेकून उठली.

“दोन दिस?”

“दोन दिवस.”

“मग तू तितं काय करत हुतास?”

“मोजत होतो.”

मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं डोळे मिटून विचारलं, “किती हुती?” मी आकडा सांगितला. तिनं भिंतीकडं तोंड केलं. सासूला काही कळलं नव्हतं, ती मला म्हणाली, “बस की मास्तर, च्या टाकती.”

मी पळत रानात आलो आणि माळ्यावर चढलो. चढलो खरा, पण ओरडायचं काय? तोंडातून पहिला शब्द आला तो ‘ए’. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला म्हणतात तसा. भोरड्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. गोफण फिरवली तर दगड मागं गेला आणि दुसऱ्या खेपेला गोफणीची दोरी माझ्याच कानफटात बसली. पलीकडच्या माळ्यावरून हवालदार ड्यूटी विसरून बघत होता. मग मात्र मला माझाच इतका राग आला की, मी वडिलांच्या पलटणीतल्या, घरात कधी न उच्चारलेल्या सगळ्या शिव्या भोरड्यांना दिल्या. त्या शिव्या खरं तर मलाच होत्या. थवा उठला.

सरांनी दिलेली सुट्टी मी त्या माळ्यावर काढली. उजाडायच्या आत चढायचं, अंधार पडल्यावर उतरायचं, हवालदाराच्या पडवीत झोपायचं. हवालदारानं मला गोफण शिकवली, आणि मी बारा ते दोन त्याचंही रान राखलं. चौथ्या दिवशी माझाही आवाज बसला. नवव्या दिवशी आक्का काठी टेकत बांधावर आली, माझं ओरडणं थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि हवालदाराच्या बायकोला म्हणाली, “ह्येला पाखरं भीत न्हाईत, कटाळून जात्यात.” नऊ दिवसांनी ती माझ्याबद्दल काहीतरी बोलली होती. मी गोफणीत दगड घातला आणि बसलेल्या आवाजात आणखी जोरात ओरडलो.

सरांना जाऊन सगळं सांगितलं. मातीचं, उन्हाचं, दुधाचं काही खरं नाही. तुमच्या नकाशात दिसतोय तो एका बाईचा गळा आणि एका माणसाची झोप. सर बराच वेळ तक्त्यांची चवड चाळत होते. शेवटी म्हणाले, “मी तुला निरीक्षक म्हणून पाठवलं होतं. तू बुजगावणं होऊन आलास.”

“बुजगावणं असतो तरी बरं होतं सर,” मी म्हणालो. “त्याला पाखरं पहिले दोन दिवस तरी भितात.”

त्या वर्षी मी प्राध्यापक झालो नाही. सरांनी मात्र पुढच्या तक्त्यात सातवा रकाना आखला आणि त्याला काय नाव द्यावं ते न सुचल्यानं वर नुसतं ‘इतर’ लिहिलं.

शाळूची मळणी झाली तेव्हा मी खळ्यावर गेलो. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाणं त्याहून वाईट वाटत होतं. आक्काचा नवरा रजेवर आला होता. रास दरवर्षीपेक्षा ठेंगणी होती. किती ठेंगणी, ते मी कुणाला विचारलं नाही. खळ्यावर सगळ्यात अचूक अंदाज मलाच होता. रास उचलायच्या आधी ज्यानं ज्यानं रानात हात लावला त्याला सुपानं धान्य घालायचं, अशी रीत होती. कापणाऱ्या बायकांना घातलं, बैलवाल्याला घातलं. मग आक्कानं मला हाक मारली.

“पिशवी धर. राखनदाराचा वाटा.”

“मला नको आक्का. मी तुझं रान खाऊ दिलंय.”

“दोन दिस खाऊ दिलंस. त्ये कापून घेतलंय,” ती म्हणाली. “ह्ये राहिल्याल्या नऊ दिसांचं हाय. धर.”

तिनं पुरा वाटा दिला असता तर मी पिशवी तिथंच टाकून पळालो असतो. कापून घेतलं होतं म्हणून धरता आली. ती सायकलच्या कॅरिअरला बांधताना मला रडू आवरेना, दोरीची गाठ काही केल्या बसेना, आणि आक्का नवऱ्याला सांगत होती, “आवं, त्येला बांदाय येत न्हाई. तुमी बांदा.”